हाइट-अ‍ॅशबरीची हिप्पी बस टूर: कोणी केलीय का? आणि १९६७ चे ते आरसे

रानजाई

गेल्या शनिवारी सॅन फ्रान्सिस्कोची ती हिप्पी बस टूर केली. सासू-सासरे नागपूरहून आलेत, गोल्डन गेट झाला, लोम्बार्ड स्ट्रीटची वळणं झाली, आता काय दाखवायचं म्हणून लेकीने ही टूर शोधून काढली. बे एरियातल्या बऱ्याच जणांनी मागे विचारलं होतं म्हणून सविस्तर लिहितेय. शिवाय त्यातली एक गोष्ट तीन दिवस झाले तरी माझ्या डोक्यातून जात नाहीये, ती कुठेतरी बोलायचीच आहे.

बस बाहेरून जांभळी-केशरी, आत मण्यांचे पडदे, गाइड बाई बेलबॉटममध्ये, आणि चढताना प्रत्येकाला कागदी फुलांची माळ. सासूबाईंनी माळ आधी कपाळाला लावली आणि मग गळ्यात घातली, ते बघून गाइड बाई इतकी हरखली की पुढच्या प्रत्येकाला तिने तसंच करून दाखवलं. युनियन स्क्वेअरवरून निघालो, चायनाटाउन, मग नॉर्थ बीच. तिथे सिटी लाइट्स हे १९५३ पासूनचं पुस्तकांचं दुकान बसमधूनच दाखवलं, हिप्पींच्या आधीचे बीटनिक कवी इथे जमायचे. तिथली भाडी वाढली तशी ती सगळी मंडळी हळूहळू पश्चिमेकडे हाइट स्ट्रीटच्या बाजूला सरकली, एवढं सांगून बस पुढे.

हाइट-अ‍ॅशबरीत शिरलो, म्हणजे हिप्पींच्या त्या मोहल्ल्यात, आणि घरं बघूनच जीव सुखावला. उंच लाकडी व्हिक्टोरियन घरं, गोलाकार खिडक्या, नक्षीच्या पट्ट्या, एकेका घराला चार-चार पाच-पाच रंग. बस ७१० अ‍ॅशबरीसमोर थांबली, इथे ग्रेटफुल डेड हा बँड राहायचा. सगळी बस उजव्या बाजूला गोळा झाली, फोन बाहेर, खटाखट फोटो. मीही काढत होते. तेवढ्यात शेजारच्या घरातली एक बाई कचऱ्याचा डबा घेऊन बाहेर आली, आम्हाला बघून पायरीवरच थांबली, डबा हातात तसाच. चिडली वगैरे नाही. आम्ही जायची वाट बघत उभी राहिली, मान दुसरीकडे वळवून, पाहुण्यांसमोर कपडे वाळत घालायला लागले तर आपण राहू ना तशी. सासऱ्यांनी फोन खाली ठेवला आणि मला हळूच म्हणाले, "अगं, ही लोकांची राहती घरं आहेत ना? आपण असं दारात गाडी लावून बघतोय."

नंतर गाइड बाई एका वाक्यात सांगून गेली की अशी टूर इथे १९६७ मध्येही होती आणि तेव्हा लोकांनी बसला आरसे दाखवले होते. बस. पुढचा थांबा. मी घरी येऊन रात्री दीडपर्यंत वाचत बसले.

तर झालं असं की एप्रिल १९६७ मध्ये ग्रे लाइन कंपनीने 'हिप्पी हॉप' नावाची बस टूर काढली, जाहिरात अशी की देशाच्या हद्दीत राहून परदेश बघायची ही एकमेव सहल. म्हणजे आपल्याच शहरातला दोन-चार मैलांवरचा मोहल्ला, आपलीच विशी-बाविशीची मुलं, आणि ती परदेशी. काचेच्या आड कॅमेरे घेऊन लोक बसायचे आणि ड्रायव्हर माहिती सांगायचा. मोहल्ल्यातल्या पोरांनी काय केलं, तर आरसे आणले. बस आली की खिडकीशी आरसा धरून शेजारी चालायचं. आतला माणूस हिप्पी बघायला वाकायचा आणि त्याला स्वतःचंच तोंड दिसायचं. दगड नाही, शिवी नाही. मे महिन्यात ती टूर बंद झाली, तिथल्या लोकांच्या तक्रारी होत्या आणि हाइट स्ट्रीटवर बसमुळे ट्रॅफिकचा बोजवारा उडाला होता.

मला सारखी ती डबा धरून उभी असलेली बाई आठवतेय. आमच्या खिडकीला आरसा कोणी धरला नाही, पण धरला असता तर त्यात मी दिसले असते, फोन वर केलेली, हसत असलेली.

अजून एक. येताना बस क्लेटन स्ट्रीटच्या कोपऱ्यावरून गेली. तिथे ५५८ नंबरला ७ जून १९६७ ला मोफत दवाखाना सुरू झाला होता, हे मला आधीपासून माहीत होतं. मी गाइड बाईला विचारलं, तर वेळ नाही म्हणाली. कोणता गायक कुठे राहायचा याला वेळ होता. टूर कंपनीचं नाव लिहीत नाही, तो मुद्दाच नाही. पण दुसऱ्या दिवशी रविवारी आम्ही पाचही जण म्युनीच्या ७ नंबरच्या बसने परत गेलो, साध्या बसने, आणि चालत फिरलो. ते वेगळंच झालं. त्याबद्दल नंतर लिहिते, हात दुखला.

कोणी ही टूर केली असेल तर लिहा. आणि माझं चुकतंय का तेही सांगा.

---

जुई_सनीवेल

किती छान लिहिलंयस गं. आरशांचं मला माहीतच नव्हतं, तीन वेळा हाइटला गेलेय, दर वेळी कपडे घेऊन आणि जेवून परत. रविवारचं लिही लवकर.

---

फ्रीमाँटकर

चांगला धागा. मी या भागात १९८६ पासून आहे, थोडी भर घालतो.

रानजाई, घरांबद्दल तुम्ही लिहिलंत त्याची गोष्ट महत्त्वाची आहे, कारण हिप्पी इथेच का आले याचं उत्तर त्या घरांत आहे. १९०६ चा भूकंप आणि त्यानंतरची आग, त्यात शहराचा पूर्वेकडचा मोठा भाग जळाला, आग इथवर पोचली नाही म्हणून ही घरं वाचली. दुसऱ्या महायुद्धानंतर पैसेवाले उपनगरांत गेले, मोठी घरं तुकडे करून भाड्याने द्यायला लागली. त्यात महामार्ग खात्याचा बेत, पॅनहँडल नावाची जी झाडांची लांब पट्टी आहे तिच्यातून फ्रीवे काढायचा. जिथून फ्रीवे जाणार तिथे घराची डागडुजी कोण करतो, भाडी पडलेलीच राहिली. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजच्या विद्यार्थ्यांना परवडेल असं दुसरं ठिकाण शहरात फारसं नव्हतं. सहा-सात जण मिळून अख्खं व्हिक्टोरियन घर घ्यायचे.

आणि तो फ्रीवे झाला नाही. मार्च १९६६ मध्ये शहराच्या मंडळात ६ विरुद्ध ५ अशा मतांनी बारगळला, एका मताने. त्यासाठी वर्षानुवर्षं भांडले ते बहुतेक तिथले साधे रहिवासी, गृहिणी, छोटे दुकानदार. हिप्पींच्या गोष्टीत त्यांचं नाव येत नाही. पण त्यांनी ती झाडं वाचवली नसती तर पुढच्या वर्षी ती सगळी पोरं बसली कुठे असती?

एक आठवण. ९ ऑगस्ट १९९५, ग्रेटफुल डेडचा जेरी गार्सिया गेल्याची बातमी ऑफिसात आली. मी काही त्या संगीताचा भक्त नाही, शहरात काम होतं आणि संध्याकाळी सहज हाइट आणि अ‍ॅशबरीच्या कोपऱ्यावर गेलो. शेकडो माणसं फुटपाथवर, फुलं, मेणबत्त्या, दिव्याच्या खांबाला चिकटवलेल्या चिठ्ठ्या. माझ्या बाजूला एक साठीचा गृहस्थ टाय लावून, बँकेतून थेट आलेला असावा, ब्रीफकेस पायात धरून ढसाढसा रडत होता. कोणीतरी अनोळखी पोराने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभा राहिला. आपल्याकडे गणपती विसर्जनानंतर मंडप रिकामा होतो ना, तसं मला वाटलं होतं त्या रात्री.

---

स्पष्टवक्ता_७१

सगळ्यांचं वाचलं. रानजाई, तुम्ही मनापासून लिहिलंय म्हणून मीही मनापासूनच लिहितो, राग मानू नका.

या हिप्पी प्रकाराचं इतकं कौतुक मला पटत नाही. रंग, गाणी, फुलं सगळं ठीक. पण १५-१६ वर्षांची मुलं घरातून पळून तिथे आली, हजारोंनी. रस्त्यावर झोपली. ड्रग्जमध्ये गेली, मुलींचे काय हाल झाले असतील त्याची कल्पना करा. माझा मोठा चुलतभाऊ सत्तरच्या दशकात मुंबईत कॉलेजात असताना याच नादाने गर्दकडे वळला, काका-काकूंनी पुढची वीस वर्षं काय भोगलंय ते मी घरात बघितलंय. तेव्हा त्यांच्या नावाची बस सजवून त्यात आनंदाने फिरणं मला जमणार नाही. आरसे दाखवले म्हणता, पण त्या आरशात त्यांनी स्वतःही बघायला हवं होतं.

---

रानजाई

स्पष्टवक्ता, राग अजिबात नाही. तुमच्या काका-काकूंबद्दल वाचून वाईट वाटलं. आणि तुमचं म्हणणं खरंच आहे, ते मी सोडून पुढे जाऊ शकत नाही.

१९६७ च्या त्या उन्हाळ्यात लाखाच्या आसपास तरुण तिथे आले असं म्हणतात, आणि शहराने आधीच सांगितलं होतं की आम्ही काही सोय करणार नाही. जागा नाही, अन्न नाही, कावीळ, गुप्तरोग, आणि उन्हाळा संपेस्तोवर एलएसडीच्या जागी अ‍ॅम्फेटामाइन आलं, ते जास्त भयंकर. बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन ७ ऑगस्टला तिथे आला होता, त्याला वाटलं होतं कलाकार मंडळी छोटी छोटी दुकानं थाटून बसली असतील, आणि दिसली नशेत बुडालेली पोरं. त्यानंतर त्याने एलएसडी सोडलं.

पण आरशात त्यांनी बघितलं हो. ६ ऑक्टोबर १९६७, मोहल्ल्यातल्या लोकांनीच हिप्पीची प्रेतयात्रा काढली. शवपेटी खांद्यावर घेऊन हाइट स्ट्रीटवरून चालले. इथे येऊ नका, वर्तमानपत्रांनी बनवलेला तो हिप्पी मेला, जिथे आहात तिथेच राहून काय करायचं ते करा, हे त्यांना ओरडून सांगायचं होतं. दिवसही मुद्दाम निवडलेला वाटतो, बरोबर एक वर्ष आधी ६ ऑक्टोबर १९६६ ला कॅलिफोर्नियात एलएसडी बेकायदा झालं होतं. सायकेडेलिक शॉप हे तिथलं सगळ्यात नावाजलेलं दुकान, जानेवारी १९६६ मध्ये दोन भावांनी काढलेलं, तेही तेव्हाच बंद केलं आणि माल लोकांना वाटून टाकला.

चालू दुकान बंद करून माल वाटणं सोपं नाही. आमचं नागपूरला महाल भागात किराण्याचं दुकान होतं, बाबांनी बंद केलं तेव्हा शेवटच्या दिवशी रिकाम्या फळ्यांकडे ते कसे बघत होते ते मला अजून दिसतं.

---

वैद्यबुवा

क्लेटन स्ट्रीटचा उल्लेख आला म्हणून लिहितोय. मी ठाण्यात जनरल प्रॅक्टिस करतो, २००३ मध्ये सहा महिने सॅन फ्रान्सिस्कोत व्यसनमुक्तीच्या एका प्रशिक्षणाला होतो, तिथे या दवाखान्याचं नाव रोज घेतलं जायचं.

डॉ. डेव्हिड स्मिथ तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे. आरोग्यसेवा हा हक्क आहे, मेहेरबानी नाही, हे त्यांचं ब्रीद. आज ऐकायला साधं वाटतं, १९६७ मध्ये लांब केसांचा, अनवाणी, नशेतला पोरगा मोठ्या हॉस्पिटलात गेला तर आधी पोलिसांना फोन जायचा म्हणून पोरं मरेपर्यंत जायचीच नाहीत. या दवाखान्यात नाव नाही सांगितलं तरी चालायचं, पैसे नाहीत तरी चालायचं, आणि कोणी उपदेश करायचं नाही, हे सगळ्यात मोठं.

एलएसडीने घाबरलेला, किंचाळणारा मुलगा आला तर त्याला बांधायचं नाही, सुई टोचायची नाही. मंद उजेडाच्या शांत खोलीत न्यायचं, एक माणूस शेजारी बसायचा आणि हळू आवाजात बोलत राहायचा, तासन् तास. हे तू घेतलेल्या औषधामुळे होतंय, ते उतरणार आहे, मी इथेच आहे. एवढंच. मला तिथल्या एका जुन्या नर्सने हे करून दाखवलं होतं, माझ्या समोर बसून, माझ्याच डोळ्यांत बघत. परत आल्यावर दारू सोडताना थरथरणाऱ्या पेशंटच्या बाजूला मी तसाच बसतो. औषधं तर देतोच, पण बसतोही.

स्पष्टवक्ता, तुमचा राग मला समजतो, माझ्या ओपीडीत तो रोज येतो आईबापांच्या रूपात. पण तुमच्या चुलतभावाला मुंबईत तेव्हा असं दार मिळालं असतं तर? मी वाद घालत नाहीये, खरंच मनात आलं ते लिहिलं.

त्या संस्थेचं पुढे दुसऱ्या संस्थेशी विलीनीकरण झालं, काम चालू आहे. पळून आलेल्या मुलांसाठी हकलबेरी हाऊस निघालं तेही त्याच उन्हाळ्यातलं, तेही आजतागायत चालू आहे.

---

स्पष्टवक्ता_७१

वैद्यबुवा, वाचलं. दोनदा वाचलं. असं दार नव्हतं. काकूने त्याला खोलीत कोंडून ठेवलं होतं, दुसरं काय करणार होती ती. यावर आज जास्त लिहवत नाही.

---

वृंदा

मुंबईहून. ह्या मोहल्ल्याचा आपल्याशी अगदी सरळ संबंध आहे तो कोणी लिहिला नाही म्हणून लिहिते. ५१८ फ्रेडरिक स्ट्रीट, गोल्डन गेट पार्कपासून चालत दोन मिनिटं, तिथे एका रिकाम्या गाळ्यात १९६७ च्या सुरुवातीला इस्कॉनच्या प्रभुपादांनी राधाकृष्ण मंदिर सुरू केलं. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, आणि समोर ही सगळी पोरं. रोज प्रसाद फुकट. कितीतरी मुलं जेवायला म्हणून आली आणि कीर्तनाला राहिली.

९ जुलै १९६७ ला तिथे रथयात्रा निघाली, पाश्चात्य देशांतली पहिली. जगन्नाथाच्या छोट्या मूर्ती तर एका भक्त मुलीला आयात वस्तूंच्या दुकानात शोभेची बाहुली म्हणून मिळाल्या होत्या! प्रभुपादांनी बघितल्या आणि हात जोडले, मग मोठ्या मूर्ती लाकडातून घडवल्या. रथ म्हणजे उघडा ट्रक. हाइटच्या रस्त्यांवरून समुद्रापर्यंत.

आणि त्याआधी १४ जानेवारीला पार्कातल्या पोलो मैदानावर वीस-तीस हजारांचा मेळावा झाला ना, ह्यूमन बी-इन, त्या दिवशी सकाळी कवी अ‍ॅलन गिन्सबर्ग आणि गॅरी स्नायडर यांनी मैदानाला प्रदक्षिणा घातली. अक्षरशः प्रदक्षिणा, जागा शुद्ध करायची म्हणून. १९६२-६३ मध्ये गिन्सबर्ग आपल्याकडे राहून गेला होता, तिथून शिकलेलं. संध्याकाळी स्नायडरने शंख फुंकला आणि लोकांनी निघताना मैदान झाडून साफ केलं. मला ते झाडणं फार आवडतं. आमच्या पालखीच्या मुक्कामानंतर गावात जे राहतं ते बघून दर वर्षी मला हे आठवतं.

---

अबोली_म्हापसा

मी गोव्याची, आईचं माहेर हणजुण, तुम्ही अंजुना म्हणता ते. रानजाईने त्या कचऱ्याचा डबा धरलेल्या बाईबद्दल लिहिलं ते वाचून मी उठून आईला फोन केला.

ती बाई म्हणजे माझी आजी आहे. आजीच्या घराच्या मागच्या दोन खोल्या हिप्पींना भाड्याने असायच्या, सत्तरच्या दशकात. त्यांचा आजीला त्रास नव्हता असं नाही, कपडे न घालता विहिरीवर यायचे तेव्हा ती मोठ्याने ओरडायची आणि ते पळायचे. पण वर्षानुवर्षं तीच माणसं यायची, तिला नावाने हाक मारायची. एका फ्रेंच पोरीला आजीने दोन महिने पेज करून घातली होती, कावीळ झाली म्हणून. ती पोरगी बरी होऊन गेली आणि पुढच्या हिवाळ्यात आजीसाठी चष्मा घेऊन आली. चष्मा! आजीला जवळचं दिसत नाही हे घरात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, तिच्या आलं.

आणि मग बसेस सुरू झाल्या. बेळगाव, कोल्हापूर, हुबळी, मुंबई. भरभरून पुरुष, हिप्पी बघायला. आजीच्या अंगणासमोर बस लावायची, कुंपणाला टेकून उभं राहायचं, बायका कुठे उघड्या दिसतात का बघायला. विहिरीवरची बादली न विचारता घ्यायची. आजी दुपारी व्हरांड्यात बसायची ती बसेना झाली. ती म्हणायची, "आमकां कोणें विचारलें?"

हिप्पींनी नाही विचारलं, बसवाल्यांनी नाही विचारलं, पुढे हॉटेलवाल्यांनीही नाही विचारलं. १९८७ मध्ये चार्टर विमानं सुरू झाली तेव्हा जागृत गोंयकारांची फौज म्हणून संघटना होती, त्यांनी टुरिस्टांच्या बसवर शेण फेकलं होतं. तेव्हाचं शेण आणि तुमचे ते आरसे एकाच जातीचे वाटतात मला, आरसा जास्त शहाणा एवढंच.

पण एक आहे. एट फिंगर एडी म्हणून जो अमेरिकन होता, २०१० मध्ये वारला, तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सूप द्यायचा. बुधवारचा बाजार सुरू होण्यातही तो होता, पैसे संपले की हिप्पी आपली पँट, कॅमेरा, पुस्तकं चादरीवर मांडून विकायचे, त्यातूनच तो बाजार झाला. आता तिथे काय विकतात ते सोडून द्या.

---

टेकडीवरचा

अबोली, ते बसमधले पुरुष, त्यांत मी होतो. १९८२, कोल्हापूर, कॉलेजची सहल. अंजुनाला कड्यावर उभं राहून खाली बघत होतो सगळे, शिट्ट्या. वीस वर्षांचा होतो म्हणून सोडून देता येईल, पण आज तुमच्या आजीचं वाचल्यावर सोडून द्यावंसं वाटत नाही. आजी असतील तर माझा नमस्कार सांगा, नसतील तर आईंना सांगा.

पुढे नोकरीला पुण्यात कोरेगाव पार्कजवळ आलो, तिथेही १९७४ पासून रजनीशांचा आश्रम, तिथेही पोरं सायकली घेऊन मरून झग्यातल्या गोऱ्या बायका बघायला जायची. गल्लीतल्या जुन्या बंगल्यातले एक आजोबा फाटकात खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्या प्रत्येक पोराला विचारायचे, "कोणाकडे आलास बाळ?" उत्तर नसायचं. पोरं परत फिरायची.

---

अबोली_म्हापसा

आजी २००९ ला गेली. आईला सांगते दादा. तुम्ही लिहिलंत हेच खूप आहे.

---

रानजाई

काल रात्रीपासून सगळ्यांचं वाचतेय, अबोलीच्या आजीचा चष्मा वाचून सासूबाईंना वाचून दाखवला, त्या गप्पच झाल्या.

आता रविवारचं. ७ नंबरने उतरलो मेसोनिकच्या आसपास. आधी पॅनहँडल. जुलै महिना आणि इतकं धुकं की सासऱ्यांनी कानटोपी काढली. मला ओक स्ट्रीटच्या बाजूची ती जागा शोधायची होती जिथे डिगर्स जेवण द्यायचे. डिगर्स म्हणजे नाटकवाल्या पोरापोरींचा गट, नाव घेतलं सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या शेतकऱ्यांचं, ज्यांनी पडीक जमीन सगळ्यांची म्हणून कसायला घेतली होती. १९६६ च्या शरद ऋतूपासून रोज दुपारी चार वाजता ते पॅनहँडलमध्ये फुकट जेवण द्यायचे. बाजारात उरलेल्या, टाकायला काढलेल्या भाज्या आणायच्या, मोठ्या दुधाच्या कॅनमधे रटरटवायच्या. आपली वाटी-चमचा आपण आणायचा. आणि जेवणाआधी एका भल्यामोठ्या केशरी लाकडी चौकटीतून पाऊल टाकून पलीकडे जायचं. पुरुषापेक्षा दुप्पट उंच चौकट, मधे काहीच नाही, नुसती मोकळी. तिचं नाव 'फ्री फ्रेम ऑफ रेफरन्स'. शिवाय गळ्यात घालायला दोन-तीन इंचाची तसलीच छोटी चौकट द्यायचे, तिच्यातून जग बघा म्हणून. फुकट दुकानही होतं त्यांचं, कोणी काहीही आणून ठेवावं, कोणी काहीही न्यावं.

म्हणजे बघा, एकाच मोहल्ल्यात, काही महिन्यांच्या अंतराने, एक चौकट बसच्या खिडकीची आणि एक ही. पहिलीत काच, आणि आतल्याने बाहेर यायचं नाही. दुसरीतून पार झाल्याशिवाय जेवण नाही.

आम्हाला अर्थात तिथे काही सापडलं नाही, झाडं आहेत आणि पायवाट आहे. बाकावर बसून डबा उघडला, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. समोरच्या बाकावर एक घर नसलेला माणूस होता, जाडजूड कोट, कुत्रा. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मी काही म्हणायच्या आत दोन दशम्या चटणी लावून घेऊन गेल्यासुद्धा. त्याने नाव विचारलं त्यांना. त्यांनी सांगितलं. त्याने त्याचं आणि कुत्र्याचं सांगितलं. इंग्लिश त्यांना फारसं येत नाही, पण पाच-सात मिनिटं बोलत होते दोघं.

मग क्लेटन स्ट्रीट. साधी इमारत, आत वर जाणारा लाकडी जिना. सासरे वीज मंडळातून रिटायर झालेत, लाइनमनच्या पोरांच्या दारूच्या भानगडी त्यांनी आयुष्यभर बघितल्या. जिन्यासमोर उभे राहून म्हणाले, इथपर्यंत पोचायची हिंमत करायला किती दिवस लागत असतील एकेकाला. फोटो काढला नाही आम्ही. म्हणजे लेकीने काढला एक, फक्त जिन्याचा.

तर बस टूर करा की नको, जुईने मेसेजमध्ये विचारलं होतं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी बस ठीक आहे, उगाच नावं ठेवत नाही. पण हाइटला उतराच, आणि रहिवाशांच्या दारात बस थांबली तर बसूनच राहा, फोन खाली. दुकानांतला माल बराचसा आता सगळीकडे मिळतो तसलाच. जुना बोलिंगचा हॉल होता तिथे अमीबा हे रेकॉर्डचं दुकान आहे, तिथे मात्र तासभर काढा.

---

फ्रीमाँटकर

फार सुंदर लिहिलंत. त्या चौकटीबद्दल मला इतकी वर्षं राहून माहीत नव्हतं.

मी एक सुचवू का. येत्या शनिवारी जमेल तितके जाऊया, चालत. बार्ट ट्रेनने सिव्हिक सेंटरला ११ वाजता भेटू, वर येऊन मार्केट स्ट्रीटवर ७ नंबर पकडू. गाडी आणू नका, पार्किंग मिळत नाही. मी घरं आणि फ्रीवेची गोष्ट सांगतो, रानजाई बाकीचं. मंडळाच्या कोजागिरीचं मोठं पातेलं माझ्या गॅरेजमध्येच आहे, सौ. म्हणते मसालेभात करते, पॅनहँडलला नेऊ, आपल्यापुरता नको, जो येईल त्याला.

---

जुई_सनीवेल

मी येतेय, दोन मुलांसकट. कागदी वाट्या आणि चमचे माझ्याकडे. काका, तिखट बेताचं ठेवायला सांगा काकूंना.

---

वैद्यबुवा

ठाण्यातून येता येत नाही म्हणून पहिल्यांदाच वाईट वाटतंय. त्या जिन्याचा फोटो लेकीच्या परवानगीने इथे टाकाल का?

---

रानजाई

विचारलं, हो म्हणाली, रात्री टाकते. आम्ही पाचही जण येतोय. सासूबाईंनी विचारलंय तो कुत्रेवाला तिथेच असेल का, दशम्या परत करणार आहेत. सगळ्यांनी स्वेटर आणा, जुलैतही तिथे वारा झोंबतो.